दहा लाख एक

मला राग लवकर येतो. लहानपणापासूनचं आहे हे. आई म्हणायची, या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेलाच असतो, नुसती शिंकली तरी खाली पडेल. आता केस पांढरे झाले तरी तो गेलेला नाही. फरक एवढाच की हल्ली तो बहुतेक माझा मलाच येतो, आणि त्याला कारण एक आकडा आहे. दहा लाख एक.

कागदावर लिहून बघा. एक, मग पाच शून्यं, मग पुन्हा एक. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखाच. मला हा आकडा वडिलांनी दिला. वडील निजामाच्या काळात तहसील कचेरीत पेशकार होते. त्यांनी मला गणित उर्दूतून शिकवलं, त्यामुळे भागाकाराला माझ्या तोंडात आजही आधी तक्सीम येतं, मग भागाकार. एकदा त्यांनी पाटीवर हा आकडा लिहून दिला आणि म्हणाले, बघ कुणानं तुटतो का. मी बसले. तिनानं भागलं, बाकी दोन. सातानं भागलं, बाकी दोन. नवानं, अकरानं, तेरानं, प्रत्येक वेळी बाकी दोनच. पुढे सदतीसनं भागलं तर तिथंही दोन. अशी मजा वाटली मला की जेवायलासुद्धा उठेना.

तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते, तिथवर तोंडानंच झालं. पुढचं लिहून केलं. वडिलांच्या एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मूळ संख्यांची यादी होती. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणानंच भाग जात नाही अशी. शंभराच्या आत त्या पंचवीस आहेत, शेवटची सत्त्याण्णव. मी पंचवीसही करून पाहिल्या. एकीनंही भाग गेला नाही. मी पाटी वडिलांपुढे ठेवली आणि सांगितलं, हा तुटत नाही, हाही मूळच. वडील दमून आले होते, हूं म्हणाले. ते हूं मी पक्कं धरून बसले.

आता खरं सांगते. यादी सत्त्याण्णववर संपली म्हणजे काम संपलं असं होत नाही, हे मला पुढं चांगलं कळलं होतं. हजार गुणिले हजार दहा लाख. म्हणजे हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितल्याशिवाय असल्या आकड्याचा निकाल देता येत नाही. हे मी वर्गात मुलींना शिकवतही होते. पण माझ्या स्वतःच्या आकड्याला तो नियम लावायचं कधी सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे काय, कंटाळा केला. आणि ताठाही होता.

ताठ्याला कारण होतं. पोलीस अॅक्शन झाली, उर्दू शाळा मराठी झाल्या, आणि परभणीत मुलींना गणित शिकवणारी बाई कुठून आणायची म्हणून सगळे डोकं धरून बसले. मी सापडले. पुरुष मास्तर मागून हसायचे, की बाईनं स्वयंपाक शिकवावा, हे त्रैराशिक कशाला. मी त्यांना पुरून उरले. दर वर्षी जूनमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर तो आकडा लिहायचा आणि मुलींना म्हणायचं, फोडा हा. मुली महिनाभर डोकं आपटायच्या आणि कुणालाच फुटायचा नाही. शाळा तपासायला साहेब आले, ज्यांना जुनी माणसं अजून मोहतमीमच म्हणत, त्यांना मी तो फळ्यावरचा आकडा दाखवला. त्यांना एवढा आवडला की जातील तिथं सांगायला लागले. परभणीच्या बाईंचा आकडा. मी लय शेफारले.

मग ती निवड आली. हैदराबाद राज्य मोडायला अजून एखाद वर्ष होतं. खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा काढायच्या, तर शिकवायला बायका हव्यात, म्हणून सातवी झालेल्या बायकांना ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं. आमच्या भागातून पाच जणी घ्यायच्या होत्या. निवडायला तिघं बसलो: साहेब, मुलांच्या शाळेचे एक म्हातारे हेडमास्तर, आणि मी. मंगळवारी आमच्याच शाळेच्या ऑफिसात मुलाखती झाल्या. यादी शनिवारी सकाळी पुढं जायची होती.

सहावी की सातवी आत आली ती बाई धनगराची होती. बावीस-तेवीस वर्षांची, धुऊन धुऊन विटलेलं लुगडं, पण नीट नेसलेलं. तीनेक वर्षांची लेक बाहेर व्हरांड्यात बसवून आली होती. तिची हकीकत अर्जात होती आणि साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. मामा पूर्णेला रेल्वेत खलाशी, त्यानं लहानपणी आपल्याकडे ठेवून सातवीपर्यंत शिकवलेली. लग्न मानवतकडच्या मेंढरंवाल्या घरात झालं. नवरा पटकीनं गेला. दीर म्हणत होता, सरकारी नोकरी मिळाली तर तू आणि लेक सुखानं राहा, नाहीतर पोरीला घे अन् कळपामागं चल. एवढं साधं होतं ते. ट्रेनिंगला नाव लागलं तर ती मास्तरीण आणि लेक शाळेत. नाही लागलं तर दोघी जन्मभर मेंढरांमागं.

वाचन तिनं छान केलं. शुद्धलेखन बरं होतं. हेडमास्तरांनी त्रैराशिक घातलं, तेही तिनं सोडवलं. साहेब खूश झाले आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, तुमचा तो आकडा विचारा की हिला. आधीच्यांना विचारला होता मी. त्या नुसत्या घाबरल्या होत्या, आणि दोघी तर म्हणाल्या, नाही जात भाग. तेच मला ऐकायचं होतं.

मी विचारलं, दहा लाख एक या संख्येला कुणानं भाग जातो का.

तिनं डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, जसं जुन्या बायका मोजतात तसा. आम्ही वाट बघत बसलो. बाहेर तिची लेक कुणाशी तरी बोलत होती ते ऐकू येत होतं. मग तिनं डोळे उघडले.

"जातो की. एकशे एकानं."

मी हसले. अगदी खो खो नाही, पण हसले. साहेबांनी तिला विचारलं, कसं काय. ती सांगायला लागली की त्यांच्यात मेंढरं मोजताना शंभरामागं एक बिरोबाचं धरतात. शंभर मेंढरं गेली की आणखी एक सोडायचं, ते देवाचं, आणि मग एक खडा ओच्यात टाकायचा. म्हणजे एका खड्याला एकशे एक मेंढरं. जत्रेला सगळ्यांचे कळप एकत्र येतात तेव्हा हजारांत मोजणी होते, तेव्हा खडेच मोजतात.

"दहा हजाराला नव्याण्णव खडे होत्यात अन् वर एक मेंढरू उरतं," ती म्हणाली, "मग दहा लाखाला..."

मला तिथं काय झालं ते मी आजवर शंभरदा आठवून पाहिलंय. राग आला, हे खरं. माझ्या आकड्यात, माझ्या ऑफिसात, साहेबांसमोर, मेंढरं आणली हिनं. आणि रागाच्या खाली भीती होती. क्षणभर वाटलं, असेल बरोबर तर? त्या भीतीनंच मी तिला पुढं बोलू दिलं नाही.

"इथं मास्तरीण निवडायची आहे, बाई," मी म्हणाले. "मेंढपाळ नाही."

हेडमास्तर हसले. साहेबांनी हातात पेन्सिल घेतली होती, ते म्हणाले, भागून बघायचं का एकदा. मी म्हणाले, काही गरज नाही, माझा आकडा आहे, मला माहीत आहे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बाईंना माहीत आहे म्हटल्यावर कोण भागणार? ती खाली बघत उभी राहिली. नंतर विचारलेल्या दोन प्रश्नांची तिनं उत्तरंच दिली नाहीत. कागदावर तिच्या नावासमोर शेरा मी लिहिला, माझ्या अक्षरात. गणिताची जाण नाही.

संध्याकाळी घरी आले. दिवस मावळायचा होता अजून. चूल पेटवली, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, आणि पाणी तापेपर्यंत बसले असताना तिचं ते अर्धं वाक्य डोक्यात फिरायला लागलं. नव्याण्णव खडे अन् वर एक. मी पिठातच बोटानं लिहिलं. नव्याण्णव गुणिले एकशे एक. नव्याण्णवशे आणि नव्याण्णव, नऊ हजार नऊशे नव्याण्णव. दहा हजाराला एक कमी. म्हणजे दहा हजारांतून तिचे खडे काढले की एकच उरतं, ती म्हणाली तसंच. आणि दहा लाख म्हणजे काय? शंभर वेळा दहा हजार. प्रत्येक दहा हजाराला एक उरणार, म्हणजे शंभर उरले. त्यात शेवटचा तो एक मिळवा. एकशे एक. झाला की पुरा खडा! बाकी शून्य.

किती खडे? शंभर वेळा नव्याण्णव, नव्याण्णवशे, अधिक तो शेवटचा एक. नऊ हजार नऊशे एक. मी उलट गुणून पाहिलं, बरोबर दहा लाख एक आलं. परातीतलं पीठ बोटांनी पार विसकटलं होतं.

आणि त्याहून वाईट काय, सांगू? सत्त्याण्णवनंतरची पुढची मूळ संख्या एकशे एकच आहे. पुस्तकाचं पान संपलं म्हणून मी जिथं थांबले, त्याच्या पुढच्या पायरीवर ते उत्तर बसलेलं होतं. इतकी वर्षं मी दारात येऊन परत जात होते.

आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? उठेल, पदर खोचेल, साहेबांच्या बिऱ्हाडी जाईल आणि म्हणेल, चुकलं माझं. साहेब भला माणूस होता. हसला असता आणि शेरा खोडला असता. मी भाकरी थापल्या. जेवले. मनाशी म्हणाले, उद्या.

बुधवारी सकाळी शाळेला निघाले तर ती शाळेसमोरच्या लिंबाखाली बसलेली. लेक मांडीवर. यादी लागेपर्यंत ती परभणीतच थांबली होती वाटतं. मला तिच्यासमोरून जायचं धाडस झालं नाही. मी वळले आणि मागच्या गल्लीनं शाळेत शिरले. गुरुवारीही तसंच. शुक्रवारीही. या तीन दिवसांत मी स्वतःला काय काय समजावलं ते ऐकाल तर तुम्हाला हसू येईल. बायकांना गणित येत नाही असं म्हणायला सगळे टपलेलेच आहेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला द्या. माझी अब्रू गेली तर सगळ्या बायकांची जाईल. जी पाचवी निवडली तीही गरीबच आहे. डोंबल! ती पाचवी गावातल्या दुकानदाराची सून होती, चांगलं खाऊनपिऊन. आणि अब्रू फक्त माझीच होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

शनिवारी सकाळी यादी गेली. दुपारी लिंबाखाली कुणी नव्हतं.

इथंच संपलं असतं तरी मी कदाचित कुठं तरी तोंड वर करून बघितलं असतं. पण पुढच्या जूनमध्ये मी फळ्यावर पुन्हा तो आकडा लिहिला, आणि या वेळी महिनाभरानं मुलींना फोडूनही दाखवला. दहा हजारांतून नव्याण्णव वेळा एकशे एक काढा, एक उरतो. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. साहेब आले तेव्हा त्यांना म्हटलं, मागं माझी थोडी चूक होत होती, मी मोठ्या कष्टानं शोधून काढलं. त्यांना त्या मंगळवारचं काही आठवलं नाही. किंवा आठवलं असेल आणि भलेपणानं गप्प बसले असतील. पुढं कुठल्या कुठल्या शाळांतून ती रीत शिकवली जायला लागली, माझ्या नावानं. देवाच्या मेंढराचं नाव मी कुठंही घेतलं नाही. ती रीत कुणी कौतुकानं सांगायला लागलं की मी विषय बदलायची, आणि लोक म्हणायचे, बाई किती साध्या आहेत.

पाचेक वर्षं गेली. मी तोवर हेडमास्तरीण झाले होते. कसल्याशा कामाला मानवतला गेले होते आणि दुपारच्या यष्टीनं परत येत होते. वाटेत एका फाट्याजवळ बस थांबली. रस्त्यावर मेंढरंच मेंढरं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, मग कंटाळून खाली उतरला आणि बिडी पेटवली. मी खिडकीतून बघत होते. रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.

मी उतरले. का उतरले, काय बोलायचं होतं, काही ठरलेलं नव्हतं. तिनंच मला आधी ओळखलं.

तिनं पायाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तब्येत कशी आहे विचारलं, शाळा कशी आहे विचारलं. उन्हानं रापली होती, पण तशीच नीटनेटकी. मी लेकीचं विचारलं. तिनं पुढं बोट दाखवलं. कळपाच्या पुढं आठ-नऊ वर्षांची एक पोर काठी घेऊन चालली होती. शाळेत घातलं नाही का, हे विचारण्याइतकी मी निर्लज्ज निघाले. ती म्हणाली, आज इथं तर उद्या गंगेकडं, गोदावरीच्या काठानं, कुठली साळा? मग हसून म्हणाली, मोजायला मात्र शिकवलंय तिला. पण साधंच, शंभराचंच. देवाचं मेंढरू येगळं काढून ठिवतो आता, मोजणीत धरत न्हाई. आमची मोजणी चुकीची हाय हे तुमी त्या दिवशी सांगितलं, तवा लेकीला चुकीचं कशाला शिकवू?

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं माझा शब्द खरा मानला होता. आपल्या वाडवडिलांची मोजणी तिनं माझ्या एका खोट्या तोऱ्यापायी टाकून दिली होती, आणि इकडे त्याच मोजणीवर मी नाव कमावून बसले होते.

मी म्हणाले, "तुझं बरोबर होतं गं. एकशे एकानं भाग जातो. चूक माझी होती."

मेंढरं दोन्ही बाजूंनी जात होती. तिचा अंगठा पेरावर थांबला होता आणि मोजणी सुटली होती हे मला दिसत होतं.

"तुमाला कवा कळलं, बाई?"

खोटं बोलायला जागा होती. परवाच कळलं, गेल्या वर्षी कळलं, काहीही म्हणता आलं असतं आणि तिनं तेही खरं मानलं असतं. तेवढं एक मात्र मी केलं नाही.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "संध्याकाळी."

तिनं मान खाली घातली. अंगठा पुन्हा हलायला लागला. मला वाटलं मेंढरं मोजते. पण ती पुटपुटत वार मोजत होती. मंगळवार, बुधवार, असं शनिवारपर्यंत आली आणि थांबली.

"मी तितंच होते की, लिंबाखाली," ती म्हणाली. "तुमी रोज मागल्या गल्लीनं जायच्या. मला वाटायचं, बाईला तिकडून जवळ पडत आसंल."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टर दारातून हाका मारायला लागला. तिनं पदर सारखा केला, काठी उचलली आणि मागं राहिलेल्या मेंढरांकडं गेली. मी बसमध्ये चढले, जागेवर बसले. मागच्या गल्लीनं शाळा दुप्पट लांब पडायची.